वाचक विचारतात : रीबूटनंतर अ‍ॅरे उठत नाही

या महिन्याच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. लिनक्सच्या मशीनवर सॉफ्टवेअर रेड केलेला, म्हणजे दोन-चार डिस्क एकत्र बांधून एक अ‍ॅरे केलेला. मशीन काही कारणाने बंद झालं, पुन्हा चालू केलं आणि अ‍ॅरे काही सुरू होईना. पावसाळ्यात वीज जायला लागली की हे वाढतंच. नाशिकला माझ्या दुकानाच्या टेबलावरही सध्या असेच डबे उघडून पडले आहेत.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टंकताना रोमन लिपी, लहान अक्षरं आणि आधी सुडो, हे गृहीत धरा.

प्रश्न : ताई, सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे फोटो-व्हिडिओ ठेवायला उबुंटूवर ४ टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ (एक डिस्क गेली तरी बाकीच्यांवर चालतो तो प्रकार) केला आहे. वीज गेली, इन्व्हर्टरनेही दगा दिला. आता मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ येतं. एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे रेडची सद्यस्थिती दाखवणाऱ्या फाइलीत, आमचा एमडी० नाहीच. त्याऐवजी ‘एमडी१२७ : इनअ‍ॅक्टिव्ह’ आणि प्रत्येक डिस्कपुढे (एस). एका डिस्कपुढे तर [४] लिहिलंय, आणि डिस्क शून्यापासून मोजतात म्हणे, मग चौथीचा नंबर ३ नको का? मे महिन्यातल्या लग्नांचे फोटो अजून पार्टीला दिलेले नाहीत. भाचा म्हणतो ‘क्रिएट’ (अ‍ॅरे नव्याने बनवायची आज्ञा) मारून बघू. मारू का?

उत्तर : नाही. भाच्याला चहा द्या आणि कीबोर्डपासून लांब बसवा. क्रिएटने काय होतं ते खाली पुण्याच्या पत्रात वाचा.

आधी त्या [४] ची भीती घालवू. रेड ५ नव्याने बनवताना रेड सांभाळणारा प्रोग्राम एमडीअ‍ॅडम शेवटच्या डिस्कला सुरुवातीला जादा डिस्क म्हणून घेतो आणि तिच्यावर बाकीच्या तीन डिस्कवरून हिशेब करून माहिती उतरवतो. म्हणून तिला ३ ऐवजी ४ नंबर मिळतो आणि तो जन्मभर चिकटतो. तुमच्या अ‍ॅरेत ०, १, २, ४ हेच बरोबर आहे. (एस) म्हणजे स्पेअर. पण अ‍ॅरे इनअ‍ॅक्टिव्ह असताना सगळ्यांपुढेच (एस) दिसतो, कारण कर्नलने डिस्क गोळा केल्या आहेत, कामाला लावलेल्या नाहीत. त्यावरून डिस्क खराब आहे असं काही ठरत नाही.

खरी माहिती प्रत्येक डिस्कच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या अ‍ॅरेच्या नोंदवहीत, असते. ती वाचायची आज्ञा ‘एमडीअ‍ॅडम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी१’. ही फक्त वाचते, डिस्कवर एक अक्षरही लिहीत नाही, त्यामुळे हवी तितक्या वेळा चालवा. तुम्ही मागाहून पडद्याचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. त्यात ‘इव्हेंट्स’ची ओळ अशी आहे (एसडीबी, एसडीसी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं) : एसडीबी आणि एसडीसी ४८२११, एसडीडी ४८२०७, आणि एसडीई ३१९५०. एसडीईची ‘अपडेट टाइम’ तर फेब्रुवारीतली आहे.

सगळी गोष्ट या चार आकड्यांत आहे. अ‍ॅरेची अवस्था बदलली, म्हणजे लिहिणं सुरू झालं, थांबलं, एखादी डिस्क गळली, की हा आकडा वाढतो आणि जिवंत असलेल्या सगळ्या डिस्कवर नोंदला जातो. जी डिस्क अ‍ॅरेबाहेर पडली तिचा आकडा तिथेच गोठतो. तेव्हा तुमची एसडीई परवा गेलेली नाही, ती फेब्रुवारीतच बाहेर पडली आहे. तेव्हापासून स्टुडिओ तीन डिस्कवर चालला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. तिच्या स्वतःच्या सुपरब्लॉकमध्ये ‘अ‍ॅरे स्टेट’ अजून ‘एएएए’ आहे, म्हणजे तिच्या मते सगळं आलबेल! बाहेर काढल्याची नोंद बाकीच्यांवर होते, काढलेल्या डिस्कवर होत नाही. म्हणून एकाच डिस्कचं एक्झामिन वाचून निदान करू नये. मग वीज डळमळली तेव्हा एसडीडी इतरांच्या क्षणभर आधी पडली. उरल्या दोन. चार डिस्कचा रेड ५ दोन डिस्कवर चालत नाही, म्हणून ‘एसेम्बल्ड फ्रॉम २ ड्राइव्ह्ज - नॉट इनफ टू स्टार्ट द अ‍ॅरे’.

सुरू व्हायला हा जो नकार आहे तो तुमच्या फायद्याचा आहे. अ‍ॅरेने स्वतःच्या अकलेने फेब्रुवारीची डिस्क आत घेऊन हिशेब सुरू केला असता तर मे महिन्याची लग्नं आणि जानेवारीची लग्नं एकमेकांत कालवली गेली असती.

आता करायचं काय? चारही डिस्कचं एक्झामिन पेनड्राइव्हवर फाइल करून ठेवा. मग प्रत्येकीवर ‘स्मार्टसीटीएल -ए’ (डिस्कने स्वतःच ठेवलेला तब्येतीचा अहवाल, म्हणजे स्मार्ट) चालवा आणि चार ओळी बघा : ५, १९७, १९८ आणि १९९. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान तुकडा. ५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे आणि १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले. एसडीबी, एसडीसी किंवा एसडीडी यांपैकी कुणाचा १९७ शून्याच्या वर असेल तर तिथेच थांबा, नवी डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यूने तिची प्रत करून पुढचं सगळं प्रतीवर करा. १९९ वाढलेला असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. शंभर-दीडशे रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क बदलून आलेली माणसं मी पाहिली आहेत.

डिस्क ठणठणीत असतील तर आधी अर्धवट उभा असलेला अ‍ॅरे पाडा : ‘एमडीअ‍ॅडम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७’. ही पायरी विसरली की पुढच्या आज्ञेला ‘बिझी - स्किपिंग’ असं उत्तर येतं आणि लोक घाबरतात; डिस्क त्या एमडी१२७नेच धरून ठेवलेल्या असतात. मग :

एमडीअ‍ॅडम --एसेम्बल --फोर्स /डेव्ह/एमडी० /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीसी१ /डेव्ह/एसडीडी१

एसडीईचं नाव त्यात मुद्दाम नाही. तिला घेऊ नका. ‘फोर्स’ शब्द दांडगा वाटतो, पण तो इथे करतो काय, तर चार आकड्यांनी मागे राहिलेल्या एसडीडीचा आकडा पुढे आणतो आणि तिला पुन्हा कामावर घेतो. चार नोंदींचा फरक म्हणजे वीज जाताना चाललेलं थोडंसं लिखाण. त्यातली एखादी फाइल तुटलेली निघेल. सोळा हजारांचा फरक म्हणजे वेगळाच अ‍ॅरे. एमडीस्टॅटमध्ये [यूयूयू_] (तीन डिस्क कामावर, एक जागा रिकामी) दिसलं की जिंकलात. लगेच नेहमीसारखं माउंट करू नका, म्हणजे फाइली उघडता येतील असं जोडू नका. ‘माउंट -ओ आरओ,नोलोड’ वापरा, म्हणजे ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम आपलं जर्नलसुद्धा (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) परत चालवणार नाही. मे महिन्याची लग्नं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. पार्टीला फोन नंतर करा.

कॉपी झाल्यावर अनमाउंट करून ‘एफएससीके -एन’ (फाइलसिस्टिमची नुसती तपासणी). तक्रारी किरकोळ असतील तर ‘-एन’ काढून दुरुस्त करा. मग चौथी जागा भरायची. एसडीईचं स्मार्ट चांगलं असेल तर ‘एमडीअ‍ॅडम /डेव्ह/एमडी० --अ‍ॅड /डेव्ह/एसडीई१’, नाहीतर नवी डिस्क. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरायला साडेसात तास लागतात. वर तुम्ही अल्बम जोडत बसलात तर कितीतरी जास्त. रात्री लावा.

आणि ती फेब्रुवारीत का पडली? तुमच्या डिस्क साध्या, डेस्कटॉपच्या आहेत. अशी डिस्क एखादा सेक्टर वाचता येत नसला तर दोन-दोन मिनिटं प्रयत्न करत बसते. कर्नल मात्र ३० सेकंदच वाट पाहतो, मग दुवा रीसेट करतो आणि त्या धांदलीत डिस्क अ‍ॅरेबाहेर जाते. ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीई’ करून बघा. ७० म्हणजे ७ सेकंद. डिस्कने मानलं तर उत्तम. ‘नॉट सपोर्टेड’ म्हणाली तर कर्नललाच धीर धरायला लावा : ‘/सिस/ब्लॉक/एसडीई/डिव्हाइस/टाइमआउट’ या फाइलीत १८० लिहा. मशीन बंद करून चालू केलं की दोन्ही विसरलं जातं, त्यामुळे चारही डिस्कसाठी हे सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये टाकावं लागेल.

शेवटचं, एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगमध्ये ‘मेलअ‍ॅडर’ची ओळ असते. तिथे खराखुरा पत्ता घालून ‘एमडीअ‍ॅडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट’ चालवा आणि मेल आला का ते प्रत्यक्ष बघा. बहुतेक ठिकाणी तो त्याच मशीनच्या रूटला जातो आणि तिथे कुणीच वाचत नाही.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात मी लॅब सांभाळतो. आमचा अ‍ॅरे चालतो, पण रीबूट केलं की एमडी०चा एमडी१२७ होतो आणि एफएसटॅबमधलं (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीतलं) माउंट फसतं. हाताने थांबवून पुन्हा जोडला की एमडी० येतो. मशीनचं नाव बदलल्यापासून हे सुरू झालं असावं. कॉन्फिग फाइल दुरुस्त केली तरी फरक नाही.

उत्तर : सर, तुम्ही रोगाचं नावही पत्रातच लिहिलं आहे. १.२ सुपरब्लॉकमध्ये अ‍ॅरेचं नाव ‘जुनंमशीन:०’ असं, होस्टनेमसकट म्हणजे मशीनच्या नावासकट असतं. होस्टनेम बदललं आणि कॉन्फिगमध्ये अ‍ॅरेची ओळ नसली की एमडीअ‍ॅडम त्याला परका समजतो आणि १२७ पासून खाली मोजत पहिला मोकळा क्रमांक देतो.

कॉन्फिग दुरुस्त करूनही फरक पडला नाही, कारण सुरू होताना वाचली जाते ती ही फाइल नव्हे, इनिटरॅमएफएसमधली, म्हणजे मशीन उठताना आधी चढणाऱ्या छोट्या गाठोड्यातली, तिची प्रत. प्रवासाला निघताना डबा भरून घेतला की मागे घरी भाजी बदलली तरी डब्यात तीच राहते, तसं. कॉन्फिग बदलल्यावर डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ आणि फेडोराच्या घराण्यात ‘ड्राकट -एफ’ करावंच लागतं.

कॉन्फिगमध्ये ओळ घालताना लोक ‘एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन’ दुहेरी बाणाने फाइलीला जोडतात. ते एमडी१२७ चालू असतानाच केलं तर १२७ च कायमचा नोंदला जातो. दोनदा केलं तर एकाच अ‍ॅरेच्या दोन ओळी होतात. अ‍ॅरे इनअ‍ॅक्टिव्ह असताना केलं तर ओळीची सुरुवातच ‘इनअ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅरे’ अशी होते. तेव्हा आधी एमडी० म्हणून जोडा, मग स्कॅन करा आणि फाइल डोळ्यांनी वाचा. जुनं होस्टनेम काढायचं तर एकदा ‘--एसेम्बल --अपडेट=होमहोस्ट’ लावून जोडा.

एफएसटॅबमध्ये तर एमडीचा क्रमांक लिहूच नये, यूयूआयडी (प्रत्येकाचा वेगळा ओळख क्रमांक) लिहावा. तोही योग्य. अपूर्णविरामांनी तोडलेले आठ-आठ अक्षरांचे चार गट असतील तर तो अ‍ॅरेचा यूयूआयडी, तो एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगसाठी. मध्ये छोट्या आडव्या रेघा असलेले पाच गट म्हणजे फाइलसिस्टिमचा, तो एफएसटॅबसाठी. अदलाबदल झाली की दोन्हीकडे काहीच सापडत नाही.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाचनालयात जुन्या मासिकांची स्कॅन ८ टीबीच्या दोन डिस्कवर, रेड १ मध्ये (दोन्ही डिस्कवर तीच प्रत) ठेवली आहेत. मदरबोर्ड जळाला म्हणून नवा बसवला. तेव्हापासून एका डिस्कचा सुपरब्लॉक दर रीबूटला नाहीसा होतो. आम्ही परत जोडायचो, सिंक व्हायचं. या वेळी दोन्हींचा गेला. एक्झामिन म्हणतं ‘नो एमडी सुपरब्लॉक डिटेक्टेड’. एफडिस्क रिकामा जीपीटी (पार्टिशनचा तक्ता) दाखवतो, जो आम्ही कधी केलाच नव्हता. अ‍ॅरे करताना पार्टिशन केलं नव्हतं, अख्ख्या डिस्क दिल्या होत्या.

उत्तर : शेवटच्या वाक्यासाठी तुमचे आभार. सहसा ते मला तीन फोन झाल्यावर कळतं.

या डिस्कवर कधीतरी आधी जीपीटी होता. जीपीटीच्या दोन प्रती असतात, एक सुरुवातीला आणि एक अगदी शेवटी. ५१२ बाइटच्या हिशेबाने पहिल्या प्रतीचं शीर्षक सेक्टर १ मध्ये आणि तक्ता २ ते ३३ मध्ये. एमडीचा १.२ सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ४०९६ बाइटवर, म्हणजे सेक्टर ८ मध्ये बसतो. बरोबर त्या तक्त्याच्या पोटात! अ‍ॅरे बनवला तेव्हा पहिली प्रत बिघडली, शेवटची मात्र शाबूत राहिली. जुना बोर्ड तिकडे बघत नव्हता. काही यूईएफआय फर्मवेअर (बोर्डावरचाच, लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्राम) मात्र सुरू होताना ‘अरेरे, जीपीटी बिघडलाय’ म्हणून मागची प्रत पुढे आणून ठेवतात, विचारत नाहीत. सेक्टर ८ पुसलं गेलं, अ‍ॅरे संपला. लिनक्सच्या लॉगमध्ये याचा मागमूस राहत नाही, कारण लिनक्स तेव्हा सुरूच झालेलं नसतं.

तुमची मासिकं जागेवर आहेत. ८ टीबीच्या डिस्कवर एमडी माहिती लिहायला सुरुवात करतो ती खूप पुढे, बहुधा २६४१९२ व्या सेक्टरपासून (जरा जुन्या एमडीअ‍ॅडमने केलेला असेल तर २६२१४४). फर्मवेअरची धाव ३३ पर्यंतच. आणि तुमचा रेड १ आहे, म्हणजे प्रत्येक डिस्कवर त्या जागेपासून संपूर्ण फाइलसिस्टिम सलग पडलेली आहे. अ‍ॅरे पुन्हा उभारायचीही गरज नाही. २६४१९२ गुणिले ५१२ म्हणजे १३५२६६३०४. मग :

लोसेटअप -आर -ओ १३५२६६३०४ -एफ --शो /डेव्ह/एसडीबी

‘-आर’ म्हणजे फक्त वाचायला. जे लूप नाव मिळेल त्यावर ‘बीएलकेआयडी -पी’ चालवा. ईएक्सटी४ असं उत्तर आलं की ‘आरओ,नोलोड’ने माउंट करा, न आलं तर दुसरा आकडा (१३४२१७७२८) वापरून बघा. तुम्ही आधी कधी एक्झामिन किंवा डिटेलचा कागद छापून ठेवला असेल तर ‘डेटा ऑफसेट’ (माहिती सुरू होते ती जागा) त्यावरच असेल. दोन डिस्कपैकी जी शेवटच्या फेरीपर्यंत अ‍ॅरेत होती ती आधी वाचा. दुसरीचं सिंक अर्धवट राहिलं असण्याची शक्यता आहे.

सगळं तिसऱ्या डिस्कवर उतरलं, चार-पाच अंक उघडून पाहिले, की मगच मूळ डिस्कना हात लावा. ‘एसजीडिस्क --झॅप-ऑल’ने दोन्ही टोकांचे जीपीटी उडवा, नवा जीपीटी करून एकच पार्टिशन पाडा, प्रकार एफडी००, शेवटी शंभरेक एमबी मोकळी सोडून. अ‍ॅरे त्या पार्टिशनवर करा. शंभर एमबी अशासाठी की पुढे दुसऱ्या कंपनीची ‘८ टीबी’ची डिस्क आणाल, ती काही सेक्टरनी लहान निघेल आणि अ‍ॅरे तिला घेणार नाही. अख्ख्या डिस्कवर अ‍ॅरे करण्याची पद्धत काही ठिकाणी अजून शिकवली जाते. चालते, पण अनोळखी बोर्डावर नेली की असा प्रसंग येतो. पार्टिशन करा आणि सुखाने झोपा.

प्रश्न : पुण्यात माझं सीएचं ऑफिस आहे. २ टीबीच्या चार डिस्कचा रेड ५ सुरू होत नव्हता. ओळखीच्या मुलाने ‘एमडीअ‍ॅडम --क्रिएट’ केलं, ‘कंटिन्यू क्रिएटिंग अ‍ॅरे?’ला वाय दाबलं. रिकव्हरी सुरू झाली. ती ३ टक्क्यांवर असताना मला शंका आली म्हणून थांबवली. आता अ‍ॅरे सुरू आहे पण माउंट होत नाही. मूळ अ‍ॅरे २०११ साली डेबियन ६ वर केला होता. आशा आहे का?

उत्तर : आहे, आणि ती तुमच्या शंकेमुळे आहे.

क्रिएट जुनी माहिती पुसत नाही, पण सुपरब्लॉक नवे लिहितो, आणि नवे म्हणजे आजच्या पद्धतीचे. २०११ च्या एमडीअ‍ॅडमचा डेटा ऑफसेट बहुधा २०४८ सेक्टर, म्हणजे १ एमबी. आजचा त्याच्या शंभरपटीहून मोठा. त्यामुळे डिस्कचा क्रम अचूक दिला असता तरी फाइलसिस्टिम सापडली नसती. त्यात मुलाने ‘--अझ्युम-क्लीन’ (हिशेब जुळलेला आहे असं धर) घातलं नव्हतं, म्हणून आज्ञेत शेवटी लिहिलेल्या डिस्कवर हिशेब लिहायला सुरुवात झाली. तिचे पहिले ३ टक्के, म्हणजे ६० जीबी, गेले. पण फक्त तिचे. बाकीच्या तीन डिस्क जवळजवळ अस्पर्श आहेत, आणि रेड ५ ला चारातल्या तीन पुरतात.

एक अट मात्र आहे. मूळ दुखणं एखादी डिस्क जुनी झाल्याचं असेल, सांगलीच्या पत्रासारखं, आणि ती जुनी डिस्क नेमकी या तिघींत असेल, तर मामला कठीण. २०११ पासूनचे लॉग शोधा. कर्नल दर वेळी ‘डिव्हाइस एसडीबी१ ऑपरेशनल अ‍ॅज रेड डिस्क १’ अशी ओळ लिहितो. तिच्यावरून क्रमही कळतो आणि कोण गैरहजर होतं तेही. फक्त एसडीबी, एसडीसी ही नावं दर रीबूटला बदलू शकतात, तेव्हा जवळच्या ओळींतला सीरियल नंबर जुळवा.

पुढचं काम मूळ डिस्कवर करायचं नाही. चौघींवर ‘ब्लॉकडेव्ह --सेटआरओ’ लावा. प्रत्येकीवर डीएमसेटअपचा स्नॅपशॉट पांघरा, म्हणजे वाचन मूळ डिस्कवरून होईल आणि लिहिलेलं सगळं बाजूच्या एका फाइलीत जाईल. चुकलं की ती फाइल टाकून द्यायची, पुन्हा पहिल्यापासून. या पांघरुणांवर मग क्रिएट, पण सगळं हाताने सांगून : मेटाडेटा १.२, लेव्हल ५, डिस्क ४, चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ५१२, ‘--अझ्युम-क्लीन’, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ हा शब्द. मिसिंग असलं की अ‍ॅरेला सिंक करायला काही उरतच नाही, ही त्यातली गंमत.

ऑफसेट देताना सांभाळा. एक्झामिन तो सेक्टरमध्ये दाखवतो, ‘--डेटा-ऑफसेट’ तो केबीमध्ये मागतो. २०४८ सेक्टर म्हणजे १०२४. इथे दुप्पट आकडा घालून रात्र रात्र बसलेले इंजिनिअर आहेत.

क्रम सापडला नाही तर तीन डिस्क आणि एक मिसिंग, चार जागांवर २४ प्रकारे बसतात. स्क्रिप्ट लिहा, प्रत्येक वेळी ‘एफएससीके -एन’. एफएससीके शांत राहिला म्हणून खूश होऊ नका, मोठी फाइल उघडा. चंक ५१२ केबी आणि माहितीच्या डिस्क तीन, म्हणजे दीड एमबीपेक्षा लहान पीडीएफ चुकीच्या क्रमातही कधीकधी धड उघडतं. वीस-पंचवीस एमबीचं स्कॅन केलेलं पीडीएफ शेवटच्या पानापर्यंत नीट दिसलं तरच क्रम बरोबर.

हे वाचून छातीत धडधडलं असेल तर मशीन बंद करा आणि हे काम रोज करणाऱ्या माणसाकडे द्या. त्याला काय काय आज्ञा दिल्या गेल्या ते लपवू नका. हिस्टरीची फाइल सोबत द्या, मुलाला ओरडणं नंतर.

प्रश्न : साताऱ्याहून. दोन डिस्कचा यूएसबी डॉक आहे, रेड १. दर दोन-तीन रीबूटनंतर एक डिस्क बाहेर पडलेली असते. डिस्क चांगल्या आहेत. डॉकमधून काढून थेट साटाला लावल्या तर पार्टिशनच दिसत नाही!

उत्तर : दोन वेगळी दुखणी. डॉक डिस्कना एकेक करून जागं करतो. पहिली आली की सिस्टिमडी (लिनक्समधली कामं सुरू करणारा प्रोग्राम) ३० सेकंद वाट पाहतो आणि मग आहे त्या डिस्कवर अ‍ॅरे सुरू करतो. दुसरी त्यानंतर उगवते, तोवर पहिलीचा इव्हेंट्सचा आकडा पुढे गेलेला असतो. इंटर्नल बिटमॅप, म्हणजे कुठे कुठे लिहिलं त्याच्या खुणा, चालू करा (‘--ग्रो --बिटमॅप=इंटर्नल’), म्हणजे परत घेताना ‘--री-अ‍ॅड’ने फक्त बदललेला भाग उतरेल. या डिस्कशिवाय मशीन उठलं तरी चालत असेल तर एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ घाला. नाहीतर सिस्टिमडी ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये नेईल.

पार्टिशन न दिसण्याचं कारण, काही डॉक ५१२ बाइटचा सेक्टर ४०९६ चा म्हणून पुढे करतात. पार्टिशनचा तक्ता सेक्टरच्या मापात लिहिलेला असतो, माप बदललं की सगळे आकडे आठपट चुकतात. त्या डिस्क त्याच डॉकमध्ये वाचा, माहिती काढून घ्या, मग साटावर नव्याने करा. माझ्या मते यूएसबीवर रेड करूच नये, पण तुम्ही तो घेऊन बसला आहात, तर एवढं करा.

प्रश्न : एसडीडी काढा म्हणता, पण चार सारख्या काळ्या डब्यांतली एसडीडी कुठली? (न्यू जर्सीहून, आणि बहुधा सगळीकडूनच.)

उत्तर : ‘एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ करा. नावाच्या शेवटी सीरियल नंबर असतो आणि तोच डिस्कवर छापलेला असतो. मशीन चालू असताना अंदाजाने केबल ओढू नका. तीन डिस्कवर लंगडत चाललेल्या रेड ५ मधली चुकीची डिस्क ओढली की पुढच्या अंकात तुमचं पत्र येईल. आज सगळं ठीक असतानाच बंद करा, सीरियलचे शेवटचे चार अंक आणि अ‍ॅरेतली जागा कागदी लेबलवर लिहा, ते केबलच्या बाजूच्या कडेवर चिकटवा, म्हणजे डिस्क बाहेर न काढता वाचता येईल. साध्या डिस्कला हवेचं एक बारीक भोक असतं, शेजारी झाकू नका असं छापलेलं असतं. लेबल त्याच्यावर लावू नका.